मुंबई ते कुवेत, दीड तास

हे लिहायचा मला काही अधिकार आहे असं वाटत नाही, म्हणून आधीच माफी मागून ठेवतो. माझी शाळा गुजरातीत झाली आणि कॉलेज अर्धं गुजरातीत, अर्धं इंग्रजीत. मराठी मी घरात बोललो, आणि आईला आलेली पत्रं वाचून दाखवता दाखवता वाचायला शिकलो. बडोद्यात चांगलं मराठी लिहिणारी घराणी आहेत, पिढ्यानपिढ्या आहेत. आम्ही त्यांच्यातले नव्हे. माझे वडील जळगावकडून बडोद्याजवळच्या बाजव्याला आले ते रिफायनरीबाहेर ट्रक भरायला, आणि मी चौथीत असताना वारले. मी जे सांगणार आहे तेही काही मोठं नाही. एक वजाबाकी चुकली, एवढंच आहे. पण ती मी केली होती, आणि ती पुरती कोणाला सांगितलेली नाही.

घरात आम्ही तिघं होतो. आई, दादा आणि मी. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर त्याने नववीत शाळा सोडली आणि रिफायनरीतल्या एका कंत्राटदाराकडे पाइपफिटर झाला. आई कंत्राटी कामगारांसाठी डबे करायची. मी सायकलने बडोद्याला कॉलेजात जायचो, सायन्सच्या पहिल्या वर्षाला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि चाळीतून दुसरा.

त्यामुळे घरात काहीही अडलं की मला विचारलं जायचं. रेशनचा फॉर्म, औषधाच्या बाटलीवरची अक्षरं, लाइटचं बिल. माहीत असो वा नसो, मी उत्तर द्यायचो. माहीत नाही म्हटलं की आई काही बोलायची नाही, पण तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मला बघवत नसे. आणि मी एकदा उत्तर दिलं की ते झालं. घरात माझं उत्तर तपासायला कोणी नव्हतं. कॉलेजात चुकलं तर मास्तर लाल शाईने खोडायचे. घरात माझं सगळंच बरोबर असायचं.

ते दिवस असे होते की बडोद्याच्या आसपास नवे कारखाने येत होते, पेपरात रोज काही ना काही यायचं, आणि तरी दादाच्या कंत्राटदाराचं काम मात्र चार महिने बंद होतं. स्टेशनजवळचा एक एजंट कुवेतसाठी फिटर घेत होता. दादा मुंबईला जाऊन हातकामाची परीक्षा देऊन आला. पास झाला. आई नको म्हणाली.

तिथे लढाई झाली होती, तेलाच्या विहिरी पेटल्या होत्या, हे तिने रेडिओवर ऐकलं होतं. दादाने समजावलं की ते संपलं, संपलं म्हणून तर फिटर हवेत. ते तिने मान्य केलं. पण शेवटी ती एकाच शब्दावर येऊन थांबायची. लांब आहे.

लांब म्हणजे किती, याची तिच्याकडे दोनच मापं होती. एक सावली गाव, तिथे आमचा मामा असायचा. बाजव्याहून बडोदे, डेपोत गाडी बदलायची, मग सावली. दीड तास. तेवढं ती एकटी जायची. दुसरं जळगाव. तिचे वडील गेल्याची तार आली तेव्हा ती निघाली आणि पोचली तेव्हा तिसरा दिवस होऊन गेला होता. जळगावच्या पुढचं सगळं तिच्या लेखी सारखंच होतं. किलोमीटर तिने कधी विचारले नाहीत. ती विचारायची, किती वेळ लागतो.

एका रविवारी दादा एजंटकडून टाइप केलेला कागद घेऊन आला. त्यावर विमानाची वेळ होती. मुंबईहून सुटणार सकाळी सव्वानऊ, कुवेतला पोचणार पावणेअकरा. दादाने तो कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, बघ रे, किती तास होतात.

मी वजाबाकी केली. दीड तास.

त्यालाही पटेना. नीट बघ म्हणाला. मी वहीचं पान फाडून, आईला दिसेल असं, एकाखाली एक मांडून पुन्हा केली. पुन्हा दीड तासच आला. आई चुलीपाशी होती. ती उठून आली आणि त्या पानाकडे बघत उभी राहिली, जसं काही तिला ते वाचता येत होतं.

"म्हणजे मामाकडे जाण्याइतकंच," ती म्हणाली.

"आणि डेपोत गाडी बदलायला नको," दादा म्हणाला.

ती हसली. किती दिवसांनी हसली. मग बराच वेळ कांदा चिरत बसली आणि मान वर न करता म्हणाली, "एवढंच असेल तर जा."

दादाने मला पाठीत एक धपका घातला. सगळ्यांना वाटलं मी फार मोठं काम केलं. मलाही वाटलं.

तो निघाला त्या संध्याकाळी चाळीतली माणसं येऊन गेली. आईने त्याच्या हातावर दही घातलं. तो मुंबईच्या गाडीत बसला आणि मी स्टेशनवरून परत आलो तेव्हा घरभर शेंगांची टरफलं, नारळाच्या शेंड्या, सांडलेले चुरमुरे पडले होते. ते तसेच पडून राहिले. आमच्यात माणूस प्रवासाला निघाला की तो मुक्कामी पोचेपर्यंत घराचा केर काढत नाहीत. मामाकडे कोणी गेलं तरी आई दीड तास केरसुणीला हात लावायची नाही. याचं कारण मी तिला लहानपणी विचारलं होतं. तिने सांगितलं नाही. ते अशुभ ती तोंडाने काढत नसे.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेलो नाही. आईने त्या टरफलांमध्येच वाट करून आठ डब्यांची भाजी केली. सव्वानऊला तिने घड्याळाकडे पाहिलं. पावणेअकराला मला विचारलं, उतरला असेल ना? मी हो म्हणालो. ती म्हणाली, आणखी पंधरा मिनिटं जाऊ देऊ, सामान घ्यायला वेळ लागत असेल. अकराच्या ठोक्याला तिने केरसुणी घेतली आणि कोपरा न कोपरा झाडून काढला. झाडताना ती काहीतरी गुणगुणत होती.

पोचल्यावर दादा घंटीवर फोन करणार होता. आमच्याकडे पिठाच्या गिरणीला घंटीच म्हणतात. चाळीच्या तोंडाशीच एक होती, आणि आसपास फोन फक्त तिच्या मालकाकडे होता. ते गुजराती गृहस्थ, आम्ही त्यांना काका म्हणायचो. फोन गल्ल्याशेजारी फळीवर असायचा, त्याच्यावर नेहमी पिठाचा थर. त्या दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या लायब्ररीत गेलो. खरं सांगायचं तर काही शोधायला गेलो नव्हतो. दादा जिथे गेला ते नकाशात कुठे आहे ते एकदा बघावं, एवढंच मनात होतं. ॲटलासमधलं पान उघडलं. मुंबई सापडली, समुद्र ओलांडून आखाताच्या अगदी टोकाला कुवेत सापडलं. माझ्या शर्टाच्या बटणाचा दोरा लोंबत होता. तो तोडून मी दोन्ही गावांच्या मध्ये धरला आणि खालच्या पट्टीवर मोजला. पावणेतीन हजार किलोमीटरच्या आसपास.

दीड तासात पावणेतीन हजार. मी सवयीने भागाकार केला. ताशी अठराशेच्या वर आला. आवाजाचा वेग आम्हाला त्याच महिन्यात शिकवला होता. माझ्या उत्तराप्रमाणे दादा ज्या विमानात बसला ते आवाजाच्याही पुढे पळत होतं.

मी दोरा पुन्हा धरला. अंतर तेवढंच होतं. मग वेळ चुकली होती. पण कागदावरची वेळ तर छापलेली होती. मी कितीतरी वेळ तसाच बसलो, आणि मग पानाच्या वरच्या कडेला उभ्या रेघांचे आकडे दिसले.

एका रेखांशाला चार मिनिटं. दहावीत या प्रश्नाला मला पुरते गुण होते. ग्रीनिचला दुपारचे बारा वाजले असतील तर अमुक ठिकाणी किती, असली गणितं मी डोळे मिटून करायचो. पण ती परीक्षेची होती. सव्वानऊ मुंबईचे होते आणि पावणेअकरा कुवेतचे, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या घरातल्या माणसाला रेखांश लागू होतील असं मला वाटलंच नव्हतं. दीड आणि अडीच, चार. विमानाला चार तास लागणार होते. आपल्या घड्याळाने ते दुपारी सव्वा वाजता उतरणार होतं.

तेव्हाच मला बडोद्यातल्या कारेलीबागेतलं एक घर आठवलं. माझ्या वर्गात एक मुलगा होता, जुन्या दरबारी अधिकाऱ्यांच्या घराण्यातला, स्वच्छ मराठी बोलणारा. मी एकदा त्याच्याकडे नोट्स घ्यायला गेलो होतो. त्यांच्या बैठकीच्या खोलीत दोन घड्याळं होती. एक बरोबर चालत होतं आणि दुसरं कित्येक तास चुकत होतं. एवढ्या चांगल्या घरात बंद पडायला आलेलं घड्याळ कसं ठेवलंय, असं मला वाटलं, आणि वाईट वाटेल म्हणून मी ते दाखवून दिलं नाही. त्याची बहीण अमेरिकेत होती. ते तिचं घड्याळ होतं. त्या मुलाला मी नुसतं विचारलं असतं, कागद दाखवला असता, तर त्याने हसत हसत एका वाक्यात सांगितलं असतं. विचारण्याइतकी आमची ओळख नव्हती. खरं म्हणजे ओळख होती. माझ्यात धीर नव्हता.

सायकलवर परत येताना माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. आईने अकराला केर काढला. अकराला दादा समुद्रावर होता. अजून सव्वादोन तास तो हवेत असणार होता. मी सायन्सचा विद्यार्थी होतो आणि केरसुणीने विमान पडत नाही हे मला माहीत होतं. ते मी स्वतःला बाजव्यापर्यंत सांगत आलो. विमान पडलं असतं तर पेपरात आलं असतं, हेही सांगितलं. पण फोन आला नव्हता. आणि माणसाला काही व्हायला विमानच पडावं लागतं असं नाही.

आईला मी काही सांगितलं नाही. दुपारी कॉलेज सुटलं की घंटीवर जाऊन बसायला लागलो. पट्टा फिरत असला की तिथे शेजारचं बोलणंही ऐकू यायचं नाही, मग फोनची घंटा कशी ऐकू येणार, ही मला धास्ती होती. म्हणून मी फोनवर डोळा ठेवून बसायचो, जसं काही तो वाजताना दिसणार होता. काका पहिले काही दिवस चेष्टा करायचे. मला ते भणेलो म्हणायचे, म्हणजे शिकलेला. भणेलो आला, आता फोनला शिकवणी देणार, असं गिऱ्हाइकांना सांगायचे. दहाव्या दिवसानंतर त्यांनी चेष्टा बंद केली. माझ्यासाठी एक डबा उपडा घालून ठेवायचे, बसायला. त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

घरी आई वेगळ्याच बाजूने खचत चालली होती. ती काळजी करत असती तर मला समजलं असतं. ती रागावत होती. दीड तासावरून माणूस निरोप धाडू शकत नाही? सावलीहून मामा दर आठवड्याला कोणाबरोबर तरी काही ना काही पाठवतो. म्हणजे याला आठवणच होत नाही. बाहेर गेल्याबरोबर विसरला. आधी ती हे मला सांगायची, मग शेजारणीला सांगायला लागली. बाराव्या दिवशी मी कॉलेजातून आलो तर ती दारात डबे घासत शेजारणीला सांगत होती की थोरल्याला मी कळायच्या आधीच कामाला लावला, त्याचा सूड काढतोय तो. काढू दे.

दादाने सूड काढावा. ज्याने मला कॉलेजात घालायला स्वतःची सायकल दिली.

शेजारीण गेल्यावर मी आईसमोर बसलो. म्हणालो, ते दीड तास नाहीये. तिला कळलं नाही. मी सांगायला लागलो, सूर्य, पृथ्वी, रेखांश. तिने घासणं थांबवलं नाही. शेवटी मी म्हणालो, "आई, कुवेत लांब आहे. फार लांब आहे. माझी वजाबाकी चुकली."

तिचा हात थांबला.

"किती वेळ लागतो?"

"चार तास."

"कधी कळलं तुला?"

मी सांगितलं. ती बोटांवर काही मोजत होती. मला वाटलं ती मला बोलेल, मी खोटं बोललो म्हणून, नऊ दिवस लपवलं म्हणून. तिने तसलं काहीच काढलं नाही.

"म्हणजे मी केर काढला तेव्हा तो वर होता," ती म्हणाली.

मी पुढचा डबा ओढून घासायला घेतला.

त्या दिवसापासून तिने केरसुणी दाराच्या मागे उभी करून ठेवली आणि तिला हात लावला नाही. बातमी येईपर्यंत तो प्रवासातच आहे, असं तिने धरलं. रागावणं मात्र बंद झालं. डबे तर करावेच लागत. चुलीपुढची जागा ती ओल्या फडक्याने पुसायची, बाकी घर तसंच. कांद्याची सालं, लसणाच्या पाकळ्यांची टरफलं आम्ही दोघं वाकून हाताने वेचायचो. मी एका भिंतीपासून सुरू करायचो, ती दुसऱ्या. रस्त्यावरून उडून येणारी काळपट धूळ वेचता येत नाही, ती साचत गेली, आणि तिच्यावर आमच्या दोघांचीच पावलं उमटायची. कॉलेजात मला वाटायचं की माझ्या तळव्यांना ती लागून आलेली सगळ्यांना दिसते आहे. कोणाला दिसत नव्हती. तिथे माझ्याकडे कोणी पाहतच नसे.

मी एजंटकडे दोनदा गेलो. पहिल्यांदा त्याने सांगितलं की माणूस गेला, आता कंपनीला विचारा. दुसऱ्यांदा कुलूप होतं.

विसाव्या दिवशी दुपारी मी घंटीवर बसलो होतो. चार-पाच बायका दळणाचे डबे घेऊन रांगेत होत्या. काकांनी अचानक खटका खाली ओढला. पट्टा फडफडत थांबला, दाणे जात्यात अडकले, बायका कुरकुरायला लागल्या. त्यांनी फोन कानाला लावला होता. मी फोनकडेच बघत होतो आणि तरी मला कळलं नव्हतं. "ले, तारो भाई," ते म्हणाले, आणि फोन शर्टाला पुसून माझ्या हातात दिला.

दादाचा आवाज खोल विहिरीतून यावा तसा येत होता, आणि माझंच बोलणं एका क्षणाने मला परत ऐकू येत होतं. म्हणून मी बोलणं थांबवलं आणि तो बोलत राहिला. त्याने आधी आईचं विचारलं. मग घाईघाईने सांगितलं की ते विमान त्याला मिळालंच नव्हतं. मुंबईत उतरल्यावर एजंटच्या माणसाने सांगितलं, कागद यायचे आहेत, उद्या जाल. तो उद्या रोज होता. एका खोलीत पंचवीस-तीस माणसं, रोज सकाळी बॅगा भरून तयार बसायची. फोन करावा असं त्याला रोज वाटलं. पण मुंबईहून फोन केला असता तर आईने परत ये म्हटलं असतं, आणि तो आला असता. म्हणून केला नाही. शेवटी आदल्या दिवशी सकाळी त्याला विमानात बसवलं.

मग त्याने हसल्यासारखं काहीतरी केलं. म्हणाला, मी शेजाऱ्याचं घड्याळ बघत बसलो होतो. दीड तास झाला तशी बॅग काढून मांडीवर घेतली, बूट चढवले. खाली नुसतं पाणी. दोन तास झाले, अडीच झाले. हवाईसुंदरी येऊन बॅग वर ठेव म्हणाली तरी मी ठेवली नाही. कोणाला विचारायची लाज वाटली.

"तुझं गणित चुकत नाही," तो म्हणाला, "म्हणून मला वाटलं विमानच चुकलं."

मी काही बोललो असेन. ते मला आठवत नाही, फक्त माझा आवाज परत आलेला आठवतो. तिकडे कोणीतरी दादाला फोन ठेवायला सांगत होतं. तो ओरडून म्हणाला, "चार तास लागतात रे. पण पोचलो. आईला सांग, काल दुपारी पोचलो."